व्हेंटिलेटर दिलेत, आता तो काढण्याची सोयही द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शासकीय अतिदक्षता विभागांत फॉस्फरस, मॅग्नेशियम व रक्तवायू तपासणी चोवीस तास मिळण्याबाबत

महोदय,

विधिमंडळात व्हेंटिलेटरचा प्रश्न निघतो तेव्हा तो आकड्याचा असतो. जिल्ह्याला किती मिळाले, किती चालू आहेत, किती खोक्यातच पडून आहेत. उत्तरही आकड्याचेच येते. २०२० साली पीएम केअर्स निधीतून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्यांतले काही आपल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोचले. यंत्रे आली, ऑक्सिजनची पाइपलाइन आली, फिती कापल्या गेल्या. त्या यंत्रावर ठेवलेला माणूस किती दिवसांनी स्वतःच्या श्वासावर आला, हा प्रश्न मात्र सभागृहात कुणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियागृहातून उरलेला, आणि पुष्कळदा न उरलेलाही, वेळ अतिदक्षता विभागात जातो. कारण जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटर म्हटले की पहिली हाक भूलतज्ज्ञालाच जाते. माझी मागणी छोटी आहे, म्हणून ती आधीच सांगते. जिथे सरकारी व्हेंटिलेटर चालतो तिथे रक्तातले फॉस्फरस आणि मॅग्नेशियम मोजण्याची सोय रात्रंदिवस असावी. एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणीही. कमी निघालेले क्षार भरून काढायची औषधे कपाटात असावीत. आणि दररोज सकाळी प्रत्येक रुग्णाबाबत 'आज याला मशीनवरून काढता येईल का' हे ठरलेल्या पद्धतीने तपासले जावे. यातल्या एकाही गोष्टीची फीत कापता येत नाही, हे मला ठाऊक आहे.

आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, "व्हेंटिलेटरवर टाकला म्हणजे गेला." नळी घालण्यासाठी संमतीपत्रावर सही मागितली की आई मागे सरकते, थोरला भाऊ म्हणतो, "मॅडम, मशीनवर नका घेऊ, आम्ही घरी नेतो." या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकू नये. व्हेंटिलेटर कुठलाही रोग बरा करत नाही. तो सवड मिळवून देतो : न्यूमोनियात अँटिबायोटिकला, मण्यार चावल्यावर निकामी झालेल्या मज्जातंतूंच्या टोकांना, कीटकनाशक पोटात गेल्यावर विष उतरायला. सवड संपली की यंत्र बाजूला व्हायला हवे. ते लांबले की नळीवाटे जंतू उतरतात, दुसरा न्यूमोनिया होतो, रुग्ण भ्रमात जातो, अंगावर शय्याव्रण होतात. आणि श्वास घेण्याचे मुख्य काम करणारा स्नायू, श्वासपटल, रिकामा बसल्याने वाळू लागतो.

हे वाळणे किती झपाट्याने होते, याची मोजदाद झालेली आहे. मेंदूमृत घोषित झालेल्या १४ अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि निष्कर्ष २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापले. हे लोक १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होते. तेवढ्या अवधीत श्वासपटलाच्या संथ तंतूंचा छेद, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा, ५७ टक्क्यांनी आणि जलद तंतूंचा ५३ टक्क्यांनी लहान भरला. फार तर तीन दिवसांची ही कहाणी. आमच्याकडे रुग्ण आठ-आठ, दहा-दहा दिवस राहतो.

आता एक रुग्ण कल्पनेने आपल्यापुढे उभा करते. अतिदक्षतेत काम केलेला कुणीही त्याला लगेच ओळखेल. पन्नाशीतला शेतमजूर, दारू बरीच, जेवण नावापुरते, दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. आल्या रात्रीच श्वासनळीत नळी घालावी लागली. सहाव्या दिवशी ताप उतरला, एक्स-रे निवळला, ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आला. सकाळी मशीन सोडवून टी-पीसवर ठेवले, म्हणजे नळी तशीच, पण श्वास त्याचा त्याने घ्यायचा. पहिली दहा मिनिटे छान गेली. डोळे उघडून बघतो, सिस्टरने विचारले तर मान हलवतो. विसाव्या मिनिटाला श्वास मिनिटाला ३५ वर गेला, एकेक श्वास जेमतेम पाव लिटर, गळ्याच्या शिरा ताठ, कपाळावर घाम. यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये दिलेले एक साधे गणित आम्ही वापरतो : मिनिटातल्या श्वासांच्या संख्येला एका श्वासाच्या लिटरमधल्या मापाने भागायचे. उत्तर १०५ च्या पुढे गेले तर रुग्ण तग धरण्याची शक्यता कमी. याचे उत्तर १४० येते. पुन्हा मशीन जोडले, फाइलवर लिहिले 'वीनिंग फेल्ड', म्हणजे मशीन सोडवण्याचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवायची बोलणी सुरू होतात.

त्याचे रिपोर्ट पाहिले तर सोडियम ठीक, पोटॅशियम जरा कमी, क्रिएटिनिन ठीक. फॉस्फरस आणि मॅग्नेशियमच्या रकान्यात आडवी रेघ. तपासणी इथे होत नाही.

ही रेघ किती महाग पडते ते पाहा. स्नायूला आकुंचन पावायला जी ऊर्जा लागते ती एटीपी नावाच्या रेणूत साठवलेली असते आणि फॉस्फेटशिवाय एटीपी बनत नाही. उपाशी, दारूने खंगलेल्या शरीरात फॉस्फेटचा साठा आधीच तळाला गेलेला असतो; रक्तातली पातळी मात्र भरती होताना बरी दिसू शकते. मग आम्ही ग्लुकोजची बाटली लावतो, नाकातल्या रायल्स ट्यूबमधून फीड सुरू करतो. शरीरात इन्सुलिन वाढते आणि ते साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांनाही पेशींच्या आत ओढून घेते. दोन-चार दिवसांत रक्तातले फॉस्फरस कोसळते. म्हणजे उपाशी माणसाला जेवू घातल्याने त्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. ऐकायला विपरीत वाटते, पण याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि कुपोषण, दारू, क्षयरोग, महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणे हे सगळे असलेल्या आपल्या राज्यात तो दुर्मीळ असण्याचे काहीच कारण नाही. दम्याच्या किंवा जुन्या सीओपीडीच्या रुग्णाला मशीनने गरजेपेक्षा जोरात श्वास दिला, तर रक्त अल्कलीकडे झुकते आणि फॉस्फेट त्या वाटेनेही पेशींत शिरते.

१९८५ मध्ये ओबिये आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी एक नेटका प्रयोग केला. व्हेंटिलेटरवरचे फक्त आठ रुग्ण घेतले, सगळ्यांचे फॉस्फरस कमी. श्वासपटलाच्या नसेला विजेचा झटका देऊन ते किती दाब निर्माण करते हे मोजले. त्यामुळे रुग्णाच्या इच्छेचा किंवा गुंगीचा प्रश्नच उरला नाही. मग चार तासांत शिरेतून १० मिलिमोल फॉस्फेट दिले आणि पुन्हा मोजले. आपल्याकडच्या मापात सांगायचे तर रक्तातले फॉस्फरस डेसिलिटरमागे सुमारे १.७ वरून ४.१ मिलिग्रॅमवर गेले (२.५ ते ४.५ ही निरोगी पातळी). श्वासपटलाचा दाब, पाण्याच्या स्तंभाच्या मापात, सरासरी ९.७५ वरून १७.२५ सेंटिमीटरवर गेला. चार तासांत पावणेदोन पट. मी शिकत असताना पहिल्यांदा हे वाचले तेव्हा आकडे दोनदा तपासून पाहिले होते.

मॅग्नेशियमची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे, कारण ते आपल्याकडे नाही असे नाही. राज्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात जा, झटके येणाऱ्या बाळंतिणीसाठी मॅगसल्फची इंजेक्शने ट्रेमध्ये मांडून ठेवलेली दिसतील. दोन मिलिलिटरच्या ५० टक्क्यांच्या एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका बघायचा, श्वास मोजायचा, लघवी किती झाली ते पाहायचे, हे तिथल्या सिस्टरला तोंडपाठ असते. कारण मॅग्नेशियम जास्त झाले तर श्वास मंदावतो. मॅग्नेशियम फार कमी झाले तरी स्नायू दुबळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. ही दुसरी बाजू मात्र आमच्या अतिदक्षता विभागांपर्यंत नीट पोचलेलीच नाही. एका मजल्यावर औषध भरपूर, दुसऱ्या मजल्यावर ते लागते का हे मोजायची सोय नाही.

आणि हे क्षार एकमेकांत गुंतलेले असतात. फुफ्फुसातले पाणी उतरवायला आम्ही लॅसिक्स देतो. ते लघवीतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवते. श्वासनळ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून सालब्युटामॉलचे नेब्युलायझेशन देतो. ते पोटॅशियम पेशींत ढकलते. स्टेरॉइड आणि इन्सुलिन त्यात भर घालतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांना अँफोटेरिसिन देताना पोटॅशियम कसे रोज घसरते, हे राज्यातल्या एका आख्ख्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिले. ते औषध मॅग्नेशियमही तितकेच घालवते, आणि मॅग्नेशियम कमी असेपर्यंत मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही. वरून कितीही पोटॅशियम ओता, सकाळच्या रिपोर्टमध्ये ते पुन्हा ३ च्या खाली. कॅल्शियमचेही तसेच. मॅग्नेशियम मोजलेच नाही तर डॉक्टर पोटॅशियमच्या मागे तीन-तीन दिवस धावत राहतो.

लॅसिक्सचा आणखी एक उपद्रव असा की शरीरातले क्लोराइड आणि पाणी गेल्यावर रक्तात बायकार्बोनेट चढते. मेंदूला वाटते, श्वास कमी घेतला तरी चालेल. रुग्ण मशीनवरून काढल्यावर सुस्त, संथ श्वास घेत पडून राहतो आणि आपण झोपेच्या औषधाला दोष देतो. हे एबीजीशिवाय कळत नाही.

इथे थोडे मागे जाते, कारण व्हेंटिलेटर आणि प्रयोगशाळा यांचे नाते किती जुने आहे ते आपल्या सचिवांनाही कळावे. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओची भीषण साथ आली. श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट फार चढलेले दिसत होते आणि तिथले डॉक्टर त्याला कसलासा अल्कलीचा विकार समजत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितले की हा अल्कलीचा विकार नाही, यांच्या फुफ्फुसांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, ही गुदमर आहे. त्याच्या सांगण्यावरून एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि त्याने रबरी पिशवीने हाताने श्वास दिला. मुलगी तगली. मग जवळजवळ दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचे आम्ल-अल्कली प्रमाण मोजून इब्सेनचे म्हणणे खरे असल्याचे दाखवले आणि आजच्या एबीजीची पायाभरणी केली. म्हणजे आधुनिक अतिदक्षता विभाग जन्मला तोच यंत्र आणि रक्ततपासणी या जोडीने. आपण त्यातले यंत्र तेवढे विकत घेतले.

मी ज्या ज्या ठिकाणी काम केले तिथले सर्वसाधारण चित्र सांगते. सोडियम-पोटॅशियम होते, निदान ड्यूटीवर तंत्रज्ञ असेपर्यंत. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम 'बाहेर' जाते. बाहेर म्हणजे नातेवाईक चिठ्ठी आणि नमुना घेऊन गावातल्या खासगी लॅबकडे जातो, किंवा नमुना दुसऱ्या शहरात जातो आणि रिपोर्ट उद्या-परवा येतो. तोवर पातळी बदललेली असते. उन्हात, दुचाकीवर हिंदकळत गेलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम व फॉस्फरस बाहेर पडून रिपोर्ट खोटाच चांगला येतो. म्हणजे पैसे गेले, वेळ गेला आणि वर चुकीचा दिलासा मिळाला. घाईत ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त काढले, किंवा जांभळ्या टोपणाच्या बाटलीतले रक्त दुसऱ्या बाटलीत ओतले, तरी रिपोर्ट चुकीचाच येतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. चांगला निर्णय होता. केसपेपरच्या खिडकीवरची कटकट संपली. पण जी तपासणी रुग्णालयात होतच नाही ती निःशुल्क कशी असणार?

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला बायोकेमिस्ट्रीचा जो अॅनालायझर युरिया, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या करतो, तोच फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही करू शकतो. नवे यंत्र नको, निविदा नको, इमारत नको. लागते ते त्या दोन तपासण्यांचे रिएजंट किट, ठरावीक काळाने कॅलिब्रेशन, आणि मागणीपत्रात दोन जादा ओळी. त्या ओळी भरल्या जात नाहीत कारण मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून ठरते आणि गेल्या वर्षी खप शून्य होता. खप शून्य होता कारण किट नव्हते. या चक्रातून कुठलाही सिव्हिल सर्जन स्वतःहून बाहेर पडणार नाही. वरून आदेशच यावा लागतो.

इंजेक्शनांचेही तेच. शिरेतून द्यायचे पोटॅशियम फॉस्फेट आमच्या कपाटात क्वचित सापडते. नातेवाइकांना चिठ्ठी दिली तर तालुक्याच्या मेडिकल दुकानात ते नाव ऐकूनच मान हलवली जाते. अशा वेळी आम्ही दुधाचा आधार घेतो. लिटरभर गाईच्या दुधात साधारण ९०० मिलिग्रॅम, म्हणजे तीसेक मिलिमोल फॉस्फरस असते. पोट काम करत असेल तर रायल्स ट्यूबमधून दर दोन-तीन तासांनी दिलेल्या दुधाने सौम्य कमतरता बरीचशी भरते. मुडदुसाच्या मुलांना देतात ती फॉस्फेटची पावडर किंवा द्रावणही चालते. पण पातळी १ च्या खाली असेल आणि रुग्ण नळीवर धापा टाकत असेल, तर दूध पाजत बसणे हा उपचार नव्हे.

आपण तज्ज्ञांची समिती नेमलीत तर त्यातले कोणीतरी म्हणेल की याला भक्कम पुरावा कुठे आहे, आणि ते गैर ठरणार नाही. कमी फॉस्फरस आणि फसलेले वीनिंग यांची सांगड अनेक अभ्यासांत दिसली आहे. पण जास्त आजारी माणसाचे फॉस्फरसही कमी आणि स्नायूही दुबळे असू शकतात, त्यामुळे सांगड म्हणजे कारण असे ठामपणे म्हणता येत नाही. ओबियेंचा प्रयोग आठ रुग्णांचा होता आणि त्यात दाब मोजला होता, सुटका नव्हे. क्षार भरले की प्रत्येक रुग्ण मशीनवरून उतरेल असे माझे म्हणणे मुळीच नाही. हृदय थकलेले असेल, अंगात पाणी साचलेले असेल, कफ काढायला ताकद नसेल, तर आधी ते बघावे लागते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे गेली, ते आपणास आठवत असेल. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत पहिले दोन दिवस बरे गेलेला रुग्ण अचानक मान उचलू शकत नाही, श्वास थांबू लागतो; तिथे फॉस्फेट भरून काही होत नाही, मानेत ताकद येईपर्यंत वाटच पाहावी लागते. पण ज्या कारणाचा शोध एका रक्ताच्या नमुन्यात लागतो आणि ज्याची दुरुस्ती काही तासांत होते, ते कारण न तपासता रुग्णाला अपयशी ठरवणे मला पटत नाही. पुराव्याची वाट पाहताना मोजायचे तरी कशाला थांबायचे?

क्षार भरणेही निरुपद्रवी नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची एक अँप्युल, २० मिलिइक्विव्हॅलंट, थेट शिरेत ढकलली तर हृदय जागेवर थांबते. फॉस्फेट घाईने दिले तर कॅल्शियम कोसळते. मूत्रपिंड निकामी असेल तर सगळेच हिशेब उलटे. म्हणून मी नुसती इंजेक्शने मागत नाही. ती किती पातळ करायची, ताशी किती वेगाने द्यायची, मॉनिटर लावायचा का, पुन्हा रक्त कधी काढायचे, हे भिंतीवर लावलेले एक पान हवे, मराठीत, सिस्टरला वाचता येईल असे. दारूच्या रुग्णाला ग्लुकोजआधी थायमिन द्यावे, हेही त्याच पानावर. आणि फॉस्फरस कोसळलेले दिसले तर फीडचा वेग काही दिवस कमी ठेवायचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या रुग्णालयांत ३३९ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे केल्यावर ६० दिवसांनी जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. कमी कॅलरी द्यायला तर एक पैसाही लागत नाही. पण फॉस्फरस मोजल्याशिवाय कुणाला कमी द्यायच्या हे कळणार कसे?

सकाळच्या तपासणीबद्दल बोलायचे राहिले. एस्तेबान आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्पेनमध्ये दाखवले की मशीनचा आधार हळूहळू कमी करत बसण्यापेक्षा दिवसातून एकदा स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहिले तर नळी लवकर निघते. १९९६ मध्ये अमेरिकेत ईली यांनी ३०० रुग्णांवर पाहिले की ही तपासणी डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता ठरलेल्या यादीप्रमाणे रोज केली, आणि यादीत पास झालेल्याची चाचणी घेऊन डॉक्टरला कळवले, तर व्हेंटिलेटरचे दिवस सहावरून साडेचारवर येतात. त्यात काही नवे औषध नव्हते. आमच्याकडे मात्र मिडॅझोलॅमची इन्फ्युजन रात्रभर चालू राहते आणि सकाळी राउंडला कुणीतरी म्हणते, "अजून झोपेत आहे, उद्या बघू." उद्याही तो झोपेतच असतो. रविवारी तर कुणीच बघत नाही. पुढे असेही दिसून आले आहे की ही चाचणी दोन तास न घेता अर्धा तास घेतली तरी पुरते. म्हणजे वेळ नाही हे कारणही टिकत नाही.

अर्थात सिस्टर असायला हवी. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर हा अतिदक्षतेतला मान्य संकेत आहे. माझ्या पाहण्यातल्या विभागांत रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला चार-पाच रुग्ण असतात आणि त्यातच नवीन भरती येते. सक्शन करायचे, बाजू बदलायची, फीड द्यायचे, नोंदी ठेवायच्या, आणि वर मी तिला सांगायचे की याला अर्धा तास टी-पीसवर ठेवून शेजारी उभी राहा. पदभरतीवर वेगळे पत्र लिहावे लागेल, इथे थांबते.

मला अपेक्षित आदेश एका पानाचा आहे. व्हेंटिलेटर चालवणाऱ्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने फॉस्फरस व मॅग्नेशियम रोज करावे, आणि रात्रपाळीला तंत्रज्ञ नसेल तर त्यासाठी ऑन-कॉल व्यवस्था असावी. एबीजी यंत्र असेल तिथे त्याचे कार्ट्रिज संपू देऊ नये. नसेल तिथे ते यंत्र द्यावे. पोटॅशियम फॉस्फेट आणि थायमिन अतिदक्षतेच्या आवश्यक औषधांच्या यादीत घालावे. तोवर स्थानिक खरेदीची मुभा द्यावी. १०८ च्या गाडीतून मोठ्या रुग्णालयात पाठवलेल्या व्हेंटिलेटरच्या रुग्णाच्या पत्रावर या क्षारांचे शेवटचे आकडे लिहिणे सक्तीचे करावे, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि दर महिन्याच्या अहवालात 'उपलब्ध व्हेंटिलेटर' या रकान्याशेजारी दोन रकाने वाढवावेत : रुग्ण सरासरी किती दिवस व्हेंटिलेटरवर राहिला, आणि नळी काढल्यावर ४८ तासांत किती जणांना पुन्हा घालावी लागली. दुसरा रकाना फार महत्त्वाचा. तो नसेल तर पहिला आकडा सुधारण्यासाठी घाईने नळ्या ओढल्या जातील. सरकारी आकड्यांची मला तेवढी ओळख आहे.

पुढच्या आर्थिक वर्षाची रिएजंट आणि औषधांची मागणी जिल्ह्यांकडून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे जाण्याआधी हा आदेश निघाला, तर त्या दोन ओळी यंदाच भरल्या जातील. नंतर निघाला, तर प्रत्येक अधिकारी पुन्हा गेल्या वर्षीचा खप पाहील.

कळावे,

आपली विश्वासू,
जिल्हा पातळीवर काम करणारी एक भूलतज्ज्ञ